मुंबईहून लंडन किती दूर?

मुंबईहून लंडन किती दूर, या प्रश्नाचे आजचे उत्तर सोपे आहे. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला तर तो सुमारे साडेचार हजार मैलांचा, म्हणजे सुमारे ७,२०० किलोमीटरांचा भरेल. थेट जाणारे विमान हा पल्ला नऊ-दहा तासांत गाठते. परत येताना पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या उंचावरील वेगवान वाऱ्यांची त्याला साथ मिळते आणि त्यामुळे बहुधा तासाभराची बचत होते. उत्तररात्री मुंबई सोडणारा प्रवासी लंडनच्या घड्याळाप्रमाणे त्याच दिवशी सकाळी तेथे उतरतो. घड्याळ मागे करून घेतले की प्रवासातला निम्म्याच्या आसपास वेळ जणू झालाच नाही असे वाटते.

या उत्तरात चूक काहीच नाही. परंतु ते केवळ आजचे उत्तर आहे. हाच प्रश्न १७७५ साली पुण्याच्या दरबारात, १८४० साली साताऱ्याच्या राजवाड्यात किंवा १९३१ साली मुंबईच्या धक्क्यावर कोणी विचारला असता, तर त्याला दर वेळी निराळे उत्तर मिळाले असते. दोन्ही शहरे आपल्या जागेवरून तसूभरही हललेली नाहीत. तरीही त्यांच्यामधले अंतर गेल्या साडेतीनशे वर्षांत अनेक वेळा बदलले आहे. कारण माणसांच्या व्यवहारात अंतर केवळ मैलांनी मोजले जात नाही. पत्र पाठविल्यापासून त्याचे उत्तर हाती पडेपर्यंत जो काळ जातो, तो काळ म्हणजे व्यवहारातले खरे अंतर होय. हुकूम देणारा राज्यकर्ता, भावाची वाट पाहणारा व्यापारी आणि गाऱ्हाणे घेऊन गेलेला अर्जदार या तिघांनाही हे अंतर तोडावे लागले; परंतु तिघांच्या वाट्याला ते सारखे आले नाही. मुंबई-लंडन अंतराचा इतिहास जाणण्याजोगा आहे तो यासाठी.

या इतिहासाचा आरंभच एका लांबलेल्या निरोपाने होतो. १६६१ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा करार झाला आणि त्यात मुंबई बेट इंग्रजांना आंदण म्हणून मिळाले. करार युरोपात झाला. बेट अरबी समुद्रात होते. ते ताब्यात घेण्यासाठी निघालेले इंग्रजी आरमार १६६२ च्या सप्टेंबरात मुंबईच्या बंदरात येऊन थांबले, तेव्हा पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कागदपत्रांतील त्रुटींवर आणि कराराच्या अर्थावर बोट ठेवले. आंदणात केवळ मुंबई बेट की त्याबरोबर साष्टी आणि ठाणे हेही, हा वाद तेथल्या तेथे मिटणे शक्य नव्हते. त्याचा निवाडा लंडन आणि लिस्बन येथून यावयाचा होता. इंग्रज सेनानी अब्राहम शिपमन आपले सैनिक घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उत्तराची वाट पाहत बसला. पावसाळे आले आणि गेले. रोगराईने त्या सैनिकांपैकी बहुसंख्य तेथेच मरण पावले आणि १६६४ साली शिपमन स्वतःही मरण पावला. अखेर १६६५ च्या फेब्रुवारीत हंफ्री कुक नावाच्या त्याच्या चिटणिसाने उरलेल्या मूठभर लोकांनिशी मुंबईचा ताबा घेतला. त्यासाठी त्याने ज्या अटी मान्य केल्या त्या पुढे लंडनला पसंत पडल्या नाहीत. परंतु ती नापसंती येऊन पोचेपर्यंत व्यवहार होऊन गेला होता. १६६८ साली राजाने हे बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले.

त्या काळी मुंबई आणि लंडन यांच्यामधला मार्ग आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून जात असे. तो साडेदहा हजारांहून अधिक सागरी मैलांचा होता. शिडाच्या जहाजाला अनुकूल वारा मिळाला तर पाच-सहा महिने लागत. वारा फिरला, डोलकाठी मोडली किंवा शत्रूचे जहाज आडवे आले तर त्याहून अधिक. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत मुंबई बंदर जवळजवळ मिटून जाई. त्यामुळे मुंबईच्या गव्हर्नराने लंडनला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वर्षाच्या आत आले तर ते नशीबच म्हणावयाचे. दीड-दोन वर्षे ही नित्याची गोष्ट होती.

या दिरंगाईचा मराठी इतिहासावर झालेला परिणाम पाहावयाचा असेल, तर १७७५ आणि १७७६ ही दोन वर्षे पाहावीत. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर गादीवर हक्क सांगणारे रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले. मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी त्यांच्याशी सुरतेचा तह केला आणि साष्टी व वसई यांच्या मोबदल्यात लष्करी मदत कबूल केली. १७७३ च्या कायद्याने युद्ध आणि तह या बाबतींत मुंबई सरकार कलकत्त्याच्या आधीन झाले होते. कलकत्त्याच्या मंडळाने सुरतेचा तह बेकायदा ठरविला आणि कर्नल अप्टन याला पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुणे दरबाराशी पुरंदरचा तह केला. सखारामबापू आणि नाना फडणीस यांना वाटले की प्रकरण मिटले. परंतु त्याच वर्षी लंडनहून कंपनीच्या संचालकांचे पत्र मुंबईत येऊन पोचले. त्या पत्राने सुरतेच्या तहाला संमती दिली होती.

येथे कोणी खोटे बोलत नव्हते. संचालकांपुढे जे कागद होते ते कित्येक महिन्यांपूर्वीचे होते. त्यांनी पसंत केलेला तह तोपर्यंत मोडीत निघाला असून त्याच्या जागी दुसरा आला आहे, हे त्यांना ठाऊक असणे शक्यच नव्हते. आता मुंबईकरांच्या हाती दोन वरिष्ठांचे दोन परस्परविरोधी हुकूम होते आणि त्यांनी आपल्या सोयीचा निवडला. पुरंदरच्या तहाची अंमलबजावणी रेंगाळली, रघुनाथरावांना आश्रय मिळत राहिला आणि युद्ध पुन्हा पेटले. १७७९ च्या जानेवारीत वडगाव येथे इंग्रजी फौजेला मराठ्यांपुढे नमावे लागले; १७८२ च्या सालबाईच्या तहाने हे युद्ध थांबले. या युद्धाची कारणे अनेक आहेत आणि सत्तेचा लोभ हे त्यांतले मुख्य. परंतु तो लोभ बिनबोभाट चालू राहिला याचे एक कारण समुद्रावरचे ते पाच-सहा महिने होते. त्या महिन्यांत प्रत्यक्ष जागेवर असलेल्या माणसाला विचारणारे कोणी नसे, आणि विचारणारा जागा होई तेव्हा घडून गेलेले मागे फिरविता येत नसे.

हे अंतर उलट दिशेने तोडण्याचा प्रयत्नही याच काळात झाला. लंडनच्या वरिष्ठांपुढे आपली बाजू मांडण्यासाठी रघुनाथरावांनी हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील आणि त्याच्याबरोबर पारशी सहकारी यांना विलायतेला धाडले. १७८१ साली ते तेथे होते आणि एडमंड बर्क या थोर संसदपटूने त्यांच्या राहण्याची व सोवळ्याओवळ्याची व्यवस्था आस्थेने पाहिली. त्यांच्या वकिलीतून राजकीय लाभ मात्र झाला नाही. मुंबईचा निर्णय लंडनमध्ये होतो, ही गोष्ट एका मराठी दरबाराने इतक्या लवकर ओळखली होती, एवढेच त्या खटपटीचे महत्त्व.

एकोणिसाव्या शतकात वाफेचे यंत्र आले आणि हे अंतर पहिल्यांदा खऱ्या अर्थाने आक्रसले. २० मार्च १८३० रोजी ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझकडे निघाली. तिचा सांगाडा मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी बांधला होता. कोळशाने ती इतकी भरली होती की पाणी थेट कठड्याशी आले होते, आणि तरीही एडनला पोचेपर्यंत तो कोळसा जवळजवळ संपला. ती तेहतीस दिवसांनी सुएझला लागली. तेथून वाळवंट ओलांडून कैरो, मग नाईल नदी आणि कालवा यांच्या वाटेने अलेक्झांड्रिया, आणि पुढे भूमध्य समुद्रातून युरोप, अशी ही नवी वाट होती. टॉमस वॅगहॉर्न नावाच्या एका हट्टी इंग्रज नाविकाने या वाटेचा आयुष्यभर पाठपुरावा केला. कैरो ते सुएझ या चौऱ्याऐंशी मैलांच्या रेताडात पुढे मुक्कामाची ठाणी उभी राहिली, घोड्यांच्या गाड्या धावू लागल्या आणि टपालाच्या पेट्या उंटांवरून जाऊ लागल्या.

दोन मार्गांमधला फरक वाडिया घराण्यातीलच प्रवाशांच्या अनुभवावरून दिसतो. जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तरुण १८३८ साली जहाजबांधणीचे नवे शास्त्र शिकण्यासाठी केपच्या मार्गाने इंग्लंडला गेले. त्यांचे सुमारे पाच महिने समुद्रावर गेले. त्यांचाच आप्त अर्देशर कर्सेटजी पुढल्याच वर्षी इजिप्तच्या मार्गाने गेला आणि त्याहून पुष्कळच कमी वेळात पोचला. ज्यांच्या वाडवडिलांनी सागवानाची नामांकित जहाजे बांधली, त्याच घराण्यातील ही माणसे आपल्या कलेचे दिवस सरत आल्याचे ओळखून वाफेचे यंत्र शिकावयास निघाली होती. आक्रसणाऱ्या अंतराची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, याचे हे एक उदाहरण. दुसरे उदाहरण एडनचे. आगबोटींना वाटेत कोळसा हवा होता आणि कोळशासाठी बंदर हवे होते. १८३९ च्या जानेवारीत मुंबई सरकारच्या फौजेने एडन जिंकून घेतले.

त्याच १८३९ साली सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना इंग्रजांनी पदच्युत केले. त्यांच्यावर राजद्रोही कारस्थानांचे आरोप ठेवण्यात आले. आरोप कबूल केल्यास गादी राहील असे सुचविले गेले आणि महाराजांनी ती कबुली देण्याचे साफ नाकारले. सप्टेंबर महिन्यात त्यांना साताऱ्याहून हलवून काशीला नेण्यात आले. मुंबई सरकारकडून न्याय मिळणार नाही हे स्पष्ट होते. म्हणून महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. १८४० साली ते तेथे पोचले आणि १८५३ सालच्या अखेरीपर्यंत तेथेच राहिले.

त्या तेरा वर्षांचा हिशेब मोठा बोलका आहे. रंगो बापूजी ज्या काळात लंडनमध्ये होते, त्याच काळात मुंबई-लंडन अंतर भराभर कमी होत होते. आगबोटींच्या ठरावीक फेऱ्या सुरू झाल्या होत्या. टपाल सहा महिन्यांऐवजी महिना-दीड महिन्यात येऊ लागले होते. रंगो बापूजींनी या सर्व साधनांचा उपयोग केला. त्यांनी अर्ज लिहिले, पत्रके छापली, कंपनीच्या भागधारकांच्या सभांत प्रश्न मांडला. जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज टॉमसन यांच्यासारखे सहानुभूती बाळगणारे इंग्रज त्यांना मिळाले. परंतु संचालकांचे उत्तर बदलले नाही. पैसा संपत आला, कर्ज झाले. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह महाराज काशीला निवर्तले. १८४८ च्या एप्रिलात त्यांचे बंधू आणि गादीवर बसविलेले शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब यांचेही निधन झाले आणि दत्तक नामंजूर करून सातारचे राज्य खालसा करण्यात आले. ज्या गादीसाठी वकील भांडत होता ती गादीच उरली नाही. तरीही आणखी पाच वर्षे तो तेथे झगडत राहिला. १८५७ च्या साताऱ्यातील कटात रंगो बापूजींच्या मुलाला प्राण गमवावे लागले आणि रंगो बापूजी स्वतः असे नाहीसे झाले की त्यांचा पत्ता सरकारला कधीच लागला नाही.

हुकमाचे अंतर आणि अर्जाचे अंतर ही दोन निराळी असतात, हे रंगो बापूजींच्या तेरा वर्षांइतके स्पष्टपणे दुसऱ्या कशातून दिसत नाही. आगबोट दोघांना सारखीच वेगवान होती. फरक होता तो पलीकडच्या धक्क्यावर कोण उभे आहे यात.

१८५७ च्या मे महिन्यात मीरतला उठाव झाला आणि दुसऱ्या दिवशी दिल्ली बंडवाल्यांच्या हाती गेली. ही बातमी लंडनमध्ये जूनच्या शेवटच्या आठवड्यात पोचली. दरम्यानच्या दीड महिन्यात उत्तर हिंदुस्थानभर आग पसरली होती आणि साम्राज्याच्या राजधानीला तिचा पत्ता नव्हता. हा धडा राज्यकर्ते विसरले नाहीत. पुढल्या तेरा वर्षांत त्यांनी अंतरावर दोन मोठे घाव घातले. पहिला घाव सुएझ कालव्याचा. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी तो खुला झाला आणि मुंबई ते लंडन हा सागरी मार्ग सुमारे सव्वासहा हजार सागरी मैलांवर आला. दुसरा घाव तारेचा. खुष्कीने आणि इराणी आखातातून जाणारी तार १८६५ सालीच सुरू झाली होती, पण ती अनेक देशांतून जात असल्यामुळे निरोप रखडत व विकृत होत. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबई-एडन तार समुद्राच्या तळाशी टाकली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये लंडन व मुंबई यांच्यात समुद्रतारेने निरोप जाऊ लागले. जेथे दीड वर्ष लागे तेथे आता काही मिनिटे पुरत.

तारेने राज्यकारभाराचे तंत्रच पालटले. पूर्वी मुंबईचा गव्हर्नर किंवा कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल आधी कृती करी आणि मग कळवी. आता आधी विचारावे लागे. भारतमंत्र्याचा हात थेट व्हाइसरॉयच्या मेजापर्यंत पोचला. विलायती कापडावरील आयात जकातीचा वाद हे याचे उदाहरण. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना ती जकात नको होती. मुंबईत तर नव्या गिरण्या उभ्या राहत होत्या. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांचे या आणि इतर प्रश्नांवर भारतमंत्र्यांशी पटले नाही आणि १८७६ साली ते पदावरून दूर झाले. १८७९ साली लॉर्ड लिटन यांनी आपल्याच मंडळातील बहुमत डावलून जाड्याभरड्या कापडावरील जकात उठविली. लंडन इतके जवळ आले की मुंबईचे हित त्याच्या सावलीत झाकले जाऊ लागले.

माणसांचा प्रवास मात्र तारेइतका वेगवान नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईहून लंडनला जावयास साधारण दोन आठवडे लागत. आगबोटीच्या वरच्या मजल्यावर साहेब लोक, शिकावयास निघालेले विद्यार्थी, बॅरिस्टर होण्यास उत्सुक तरुण. खाली यंत्राच्या धगीत आणि डेकवर राबणारे खलाशी. या खलाशांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पुष्कळ असत आणि खानपानाच्या खात्यात गोव्याची माणसे. त्यांनी मुंबई-लंडन अंतर आयुष्यात कित्येकदा तोडले. परंतु प्रवासवर्णने लिहिली ती वरच्या मजल्यावरच्यांनी.

या दोन आठवड्यांतही पारपत्र नावाचा एक नवा अडसर निर्माण झाला. १९१८ साली होमरूलची मागणी मांडण्यासाठी लोकमान्य टिळक आणि त्यांचे सहकारी विलायतेला निघाले. ते कोलंबोला पोचले तेव्हा लंडनच्या युद्धमंडळाने त्यांची परवानगी रद्द केली असल्याचे त्यांना कळले. शिष्टमंडळ अर्ध्या वाटेवर होते आणि नकार त्याच्या आधीच येऊन उभा होता. त्याच वर्षी पुढे टिळक लंडनला जाऊ शकले ते चिरोल खटल्याच्या निमित्ताने. १९३१ साली गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी ‘राजपुताना’ या आगबोटीने मुंबईहून निघाले. २९ ऑगस्टला त्यांनी बंदर सोडले. मार्सेल्सला उतरून १२ सप्टेंबरला ते लंडनमध्ये होते. शिडाच्या जहाजाचे सहा महिने आता चौदा दिवसांवर आले होते. परिषदेतून मात्र ते रिकाम्या हातांनी परतले.

तोपर्यंत आकाशाची वाट उघडली होती. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन ते कराची अशी नियमित टपालसेवा सुरू केली. प्रवासाचा काही टप्पा विमानाने, काही आगगाडीने, काही पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने असा होता आणि एकंदर सात दिवस लागत. पण ही सेवा कराचीशी थांबे. मुंबईचे टपाल तेथून आगगाडीने येई. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचे छोटे ‘पस मॉथ’ विमान घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला थांबून जुहूच्या चिखलट मैदानावर उतरले, आणि तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासकडे नेले. त्या विमानात प्रवासी नव्हते. केवळ पत्रे होती. लंडन-मुंबई या दीर्घ साखळीतला तो शेवटचा लहानसा दुवा होता, पण तो हिंदी हातांनी जोडला होता.

साखळी पुरी होण्यास स्वातंत्र्य यावे लागले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार इंजिनांचे विमान पस्तीस प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा या मार्गाने लंडनला गेले. दिवसांचा हिशेब आता तासांत होऊ लागला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हे अंतर तोडणारे वाहन आता भारताचे होते. १६६५ पासून मुंबई आणि लंडन यांच्यामधल्या फेऱ्यांचे वेळापत्रक लंडनच्या सोयीने ठरत आले होते; त्या रात्री ते मुंबईत ठरले. १९६० साली बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि १९७१ साली प्रचंड आकाराचे बोइंग ७४७ आले. त्यांनी हा प्रवास अधिक जलद आणि अधिक लोकांच्या आवाक्यातला केला.

तथापि, अंतर एकदा कमी झाले की ते कायमचे कमी झाले असे नसते. १९६७ च्या जूनमध्ये अरब-इस्रायल युद्धामुळे सुएझ कालवा बंद झाला आणि तो १९७५ च्या जूनमध्येच पुन्हा उघडला. त्या आठ वर्षांत मालवाहू जहाजे पुन्हा केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. मुंबई-लंडन सागरी अंतर अठराव्या शतकाइतके लांबले. आकाशातही हेच होते. २०१९ साली आणि पुन्हा २०२५ साली पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, तेव्हा पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना लांबचा फेरा घ्यावा लागला. नकाशावरची सरळ रेषा विमानाला कधीच मिळत नाही. जेवढी आकाशे खुली असतील त्यांतून त्याला वाट काढावी लागते. तिकिटावरचे तास हे त्या त्या दिवसाच्या राजकारणाचेही माप असते.

या वाटेवरचा सर्वांत कठीण टप्पा आल्प्स पर्वताचा ठरला. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हेच विमान जिनिव्हाजवळ येताना मोंब्लां शिखरावर आदळले आणि त्यातील अठ्ठेचाळीस जण मृत्युमुखी पडले. प्रवाशांपैकी बहुतेक हिंदी खलाशी होते. इंग्लंडमधील बोटीवर रुजू होण्यासाठी ते निघाले होते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे अंतर पाण्यावरून तोडले, त्यांच्यातल्यांना ते आकाशातून पहिल्यांदा तोडताना मृत्यूने गाठले. २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे बोइंग विमान मुंबईहून लंडनकडे जात असता त्याच पर्वतावर कोसळले. एकशे सतरा जणांचा अंत झाला आणि त्यांत थोर शास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा होते.

मोंब्लांच्या उतारावरून एक हिमनदी खाली दरीत उतरते. बर्फाच्या पोटात जे जाते ते ती हळूहळू वाहून खाली आणून सोडते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये तिच्या काठावर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या टपालाची एक पिशवी सापडली. ती ‘कांचनजंगा’ विमानातली होती. २०२० च्या उन्हाळ्यात तेथेच काही भारतीय वर्तमानपत्रे बर्फातून वर आली. त्यांवर १९६६ च्या जानेवारीची तारीख होती आणि भारताला पहिली महिला पंतप्रधान मिळाल्याची बातमी होती. शाई वाचता येत होती. काही तासांत लंडनला पोचावयाच्या पिशवीला डोंगर उतरून यावयास शेहेचाळीस वर्षे लागली. तीत शिपमनसाठी निवाडा नव्हता, नाना फडणीसांना चकविणारे आज्ञापत्र नव्हते, रंगो बापूजींच्या अर्जावरचे उत्तर नव्हते. ती एका स्वतंत्र देशाने आपल्याच विमानातून पाठविलेली पिशवी होती.

आज मुंबईच्या विमानतळावर रोज शेकडो माणसे लंडनच्या विमानात चढतात. मुलाच्या पदवीदान समारंभाला निघालेली आईवडील मंडळी, नोकरीवर परतणारे अभियंते, नातवंडांना पाहावयास निघालेल्या आज्या. त्यांना नऊ-दहा तास हे अंतर फार वाटते आणि ते वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पायांखालून जेव्हा अरबस्तानचे वाळवंट किंवा आल्प्सची शिखरे सरकतात, तेव्हा तेथे खाली अंजदीवचे सैनिक, सुएझचे उंट, यंत्राच्या धगीतले कोकणी खलाशी आणि साताऱ्याचा एक म्हातारा वकील यांनी मोजलेली वर्षे पडलेली आहेत. मुंबईहून लंडन किती दूर, या प्रश्नाचे पुरे उत्तर द्यावयाचे तर तासांच्या आकड्याबरोबर ती वर्षेही मोजावी लागतात.